रस्स्याला आलेली भरती

पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत त्याला सगळे थेंबे म्हणत. ते काही त्याचं आडनाव नव्हतं. काचेच्या लांब नळीतून एकेक थेंब खालच्या पाण्यात सोडायचा आणि पाण्याचा रंग पालटला की तोटी बंद करायची, हे त्याचं रोजचं काम. ते तो इतक्या सबुरीनं करायचा की पंपघरातले मिस्त्री एकदा दारात उभे राहून कंटाळले आणि म्हणाले, "थेंबे थेंबे तळं साचेल हो, पण तोवर आम्ही निवृत्त होऊ." तेव्हापासून तो थेंबे. साहेबही थेंबेच म्हणत. बायकोनं एकदा घाईत प्रयोगशाळेत फोन केला, तर तिच्याही तोंडून "थेंबे आहेत का?" असंच निघालं, आणि मग कितीतरी दिवस ती आठवून आठवून हसत होती.

कामात माणूस चोख. पाण्यात गढूळपणा किती, क्षार किती, हे सांगताना तो कुणाची भीड धरायचा नाही. पण दुपारी डबे उघडले की त्याच्यातला दुसराच माणूस जागा व्हायचा. जगातले जेवढे म्हणून बिनकामाचे प्रश्न, तेवढे त्याला प्रिय. दोन्ही हात कणकेत असतानाच नाक का खाजतं? मोज्यांच्या जोडीतला एकच मोजा का हरवतो, दोन्ही का नाहीत? यावर त्याचं उत्तर असं, की दोन्ही हरवतातही, पण मग आपल्याला ते कळतच नाही. ते ऐकून मिस्त्रींनी डबा बाजूला ठेवून त्याला हात जोडले होते. डोक्यावर पडलेला थेंब टकलाला आधी कळतो की केसांना, हे ठरवायला एकदा तो साहेबांच्या खुर्चीमागे ड्रॉपर घेऊन उभा राहिला. साहेब भले म्हणून निभावलं.

आणि हे सगळं तो अगदी सुतकी चेहऱ्यानं करायचा. त्यातच खरी मजा होती. हसायचं ते बाकीच्यांनी.

घरी माणसं तीन. तो, बायको आणि आई. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या आणि एक चिंचोळं स्वयंपाकघर. त्या स्वयंपाकघरावर राज्य आईचं. बायको चष्म्याच्या दुकानात कामाला, सकाळी निघायची ती दिवेलागणीला परतायची, त्यामुळे सासू-सुनेत त्या जागेवरून कधी भांडण झालं नाही. आईच्या हाताला माप होतं. चमचा म्हणून ती कधी मिठाच्या बरणीत घालायची नाही. तीन बोटांनी उचलायची, पातेल्यावर हात एकदा झटकायची की झालं. थेंबेनं लहानपणी त्या चिमटीचं वजन करून पाहिलं होतं. दर वेळी सारखंच. त्याला मोजमापाचं वेड लागलं ते बहुधा तिथूनच.

मागच्या थंडीत आईला मोठा ताप आला. बरेच दिवस अंथरुणावर होती. उठली ती भिंतीला धरूनच, पण उठल्या उठल्या सुनेच्या हातातून झारा काढून घेतला. "बस तू. तुझं काम दुकानात," म्हणाली.

आणि मग रस्सा बिघडायला लागला.

रोज नाही. एखादा दिवस अगदी अळणी, एखादा दिवस तोंडात घालवणार नाही इतका खारट, आणि मध्येच चार दिवस पूर्वीसारखा फक्कड. पहिल्या घासाला थेंबेच्या कपाळावर आठी पडायची. आई लगेच उठायची, "थांब, अजून उकळायचं राहिलंय," म्हणत पातेलं पुन्हा शेगडीवर ठेवायची, त्यात बटाटा नाहीतर पाणी नाहीतर मीठ काहीतरी घालायची, आणि दुसऱ्या वाढीला सगळं ठाकठीक व्हायचं. म्हणून कुणी फारसं मनावर घेतलं नाही. म्हातारपण म्हणायचं आणि जेवायचं.

एके दुपारी मिस्त्रींनी त्याच्या डब्यातला रस्सा चाखला आणि तोंड वाकडं केलं. "अहो, समुद्र आणलाय की काय डब्यात?"

"काल अळणी होता," थेंबे म्हणाला. "परवा बरा होता. आमच्या घरी रस्स्याला भरती-ओहोटी चालू आहे."

"मग चंद्र बघा कुठं आहे तो," मिस्त्री म्हणाले आणि स्वतःच्या डब्याकडे वळले.

त्यांनी सहज म्हटलं आणि ते विसरलेही. पण थेंबेचा घास हातातच राहिला. समुद्र म्हणजे काय, तर खारं पाणी. रस्सा म्हणजे काय, तर खारं पाणीच, फक्त बटाटे जास्त. एवढ्या लांबून चंद्र जर समुद्र हलवतो, तर शेगडीवरच्या पातेल्याला तो का सोडेल? समुद्राला निदान आकारमानाचा आधार आहे, पातेल्याला तोही नाही. त्यानं हे सगळं पायरी पायरीनं, एकदाही न हसता मांडलं. डबे तसेच राहिले आणि साहेबांना उचकी लागली. "थेंबे," ते पाणी पिऊन म्हणाले, "हे तपासलंच पाहिजे."

मग काय, थेंबेनं तपासायला घेतलं.

रोज सकाळी डबा भरताना तो एका छोट्या बाटलीत चमचाभर रस्सा वेगळा काढायचा. प्रयोगशाळेत तो गाळायचा, शुद्ध पाण्यानं पातळ करायचा, त्यात पिवळा रंग टाकायचा आणि नळीतून थेंब सोडत बसायचा. पिवळ्याचा विटकरी झाला की किती द्रावण लागलं त्यावरून मीठ कळायचं. विहिरीच्या पाण्याला जी पद्धत, तीच आईच्या रस्स्याला. तुलनेसाठी त्यानं कॅन्टीनचं सूपही तपासलं. त्याच्यावर चंद्राचा काडीचाही परिणाम होत नाही, असं त्यानं जाहीर केलं, कारण त्यात मीठ घालायची पद्धतच नव्हती.

पण शास्त्र म्हटलं की शिस्त आली. त्यानं बायकोला बाजूला घेऊन बजावलं, "हे बघ, आपण तोंडं वेडीवाकडी करतो, मग आई रस्सा दुरुस्त करते. म्हणजे नमुना बिघडतो. आजपासून कसाही असला तरी चेहरा हलवायचा नाही. गपचूप गिळायचं."

"अहो, पण त्यांनाच विचारलं तर? काय होतंय म्हणून?"

"विचारलं की संपलं. ज्याच्यावर प्रयोग चाललाय त्याला कळता कामा नये. हा पहिला नियम."

"त्या 'ज्याच्यावर' नव्हेत. आई आहेत," बायको म्हणाली. पण ती म्हणतानाही हसली, कारण चंद्राची गोष्ट तिलाही आवडली होती, आणि नवऱ्याच्या असल्या खुळांना तिनं लग्नानंतर कधी फार विरोध केला नव्हता.

त्या दिवसापासून दोघं जेवायला बसली की दगडासारखी बसायची. खारट रस्सा आला तरी डोळे ताटात. अळणी आला तरी तेच. आई समोर बसायची, पहिला घास होईपर्यंत स्वतः खायची नाही, आणि दोघांकडे आळीपाळीनं बघत राहायची. "बरा झालाय ना?" असं विचारायची. "छान," थेंबे म्हणायचा, सरळ चेहऱ्यानं.

प्रयोग रंगला. आकडे नुसते वर-खाली होईनात, नाचायला लागले. आधी जो रस्सा थोडा खारट व्हायचा, तो आता जिभेला चटका द्यायला लागला, आणि अळणी व्हायचा तो थेट पाणचट. पौर्णिमेच्या आसपास दोन दिवस मीठ खूप चढलं तेव्हा प्रयोगशाळेत टाळ्या पडल्या. पुढे एकदा भलत्याच तिथीला चढलं, तेव्हा थेंबेनं क्षणभर विचार केला आणि सांगितलं की आमचं घर तिसऱ्या मजल्यावर असल्यामुळे भरती उशिरा पोचते.

"आणि हे हेलकावे दिवसेंदिवस वाढतायत ते?" साहेबांनी विचारलं.

"चंद्र जवळ येत असावा," थेंबे म्हणाला.

मिस्त्री तर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. प्रयोग सुरू झाल्यापासूनच हेलकावे का वाढले, हा प्रश्न मात्र त्या खोलीत कुणाला पडला नाही. विहिरीच्या पाण्याबाबत हेच झालं असतं, तर थेंबेला तो पहिल्याच दिवशी पडला असता.

बायकोनं एकदा त्याला सांगून पाहिलं. "आई हल्ली ताटाकडे बघत नाहीत. आपल्या तोंडाकडे बघतात सारख्या."

"म्हणूनच तर सांगतो, हलवू नकोस."

पुढच्या रविवारी दुपारी ताई आणि भाऊजी जेवायला आले. बरोबर भाऊजींच्या आई, म्हणजे थेंबेच्या आईच्या विहीणबाई. बाई नीटनेटक्या, कमी बोलणाऱ्या, आणि स्वयंपाकात हात धरणारं कुणी नाही अशी त्यांची ख्याती. त्या येणार म्हणून आई सकाळपासून स्वयंपाकघरात होती. तिनं सुनेला दोनदा हाक मारली आणि दोन्ही वेळा, ती आल्यावर, "काही नाही, जा," म्हणाली.

जेवणं निम्म्यावर आली. रस्सा त्या दिवशी खारटच होता. विहीणबाईंनी पहिल्या घासानंतर पाण्याचा पेला जवळ ओढला, पण बोलल्या काही नाहीत. भाऊजींना मात्र ताईकडून चंद्राची कुणकुण लागली होती. "अहो मेहुणे, ते चंद्राचं काय ते सांगा की! आमच्या आईंनाही ऐकू दे."

आणि थेंबे उभा राहिला. त्यानं खुर्ची मागे सारली, दोन पेले आणि एक संत्रं घेतलं, संत्र्याला चंद्र केलं, आणि सगळं साग्रसंगीत सांगितलं. कॅन्टीनचं सूप आलं, तिसऱ्या मजल्यावर उशिरा पोचणारी भरती आली. भाऊजी टेबलावर थापट्या मारत होते. ताई पदर तोंडाला लावून बसली होती. आईही हसत होती. सगळ्यांपेक्षा जास्त हसत होती. मध्येच तिनं विचारलं, "म्हणजे माझा रस्सा बाटलीतून न्यायचास तू?" आणि पुन्हा हसली.

खरं सांगायचं तर शेवट त्यानं आईच्या मानासाठीच योजला होता. चंद्र दोषी ठरला की आई आपोआप निर्दोष. म्हणून त्यानं दोन वाट्या पुढे ठेवल्या. दोन्हींत बटाटे उकडलेलं पाणी, एका वाटीत मीठ, दुसरी कोरी. "आता मंडळी, या घरातलं सगळ्यात अचूक यंत्र म्हणजे आमच्या आईची जीभ. तिनं नुसतं चाखून सांगायचं, मीठ कशात. म्हणजे सिद्ध झालं की चूक तिची नाही, वरच्याची आहे. आणि कुणी चेहऱ्यावरून खूण करायची नाही!"

"अरे, नको," आई म्हणाली. "मला काय कळतंय त्यातलं."

"तुलाच तर कळतं."

"घ्या हो विहीणबाई," विहीणबाईही म्हणाल्या. "पोरांची हौस."

आईनं चमचा घेतला. पहिल्या वाटीतलं पाणी तोंडात घेऊन थोडा वेळ तसंच धरलं. मग तिनं थेंबेकडे पाहिलं. त्याचा चेहरा दगड. सुनेकडे पाहिलं, तर तिची मान खाली. ताईनं ओठ आवळून धरले होते, हसू फुटू नये म्हणून. आईनं दुसरी वाटी चाखली. "ह्यात," म्हणाली, आणि कोऱ्या वाटीवर बोट ठेवलं.

भाऊजी खदखदून हसले. "वा! सासूबाईंनी मेहुण्यांचीच फिरकी घेतली!"

सगळे हसले. थेंबेही पहिल्यांदाच थोडासा हसला, वाट्या पाठीमागे नेऊन त्यांची अदलाबदल केली आणि पुन्हा पुढे ठेवल्या. "आता खरं सांग."

या वेळी तिनं वाट्यांकडे पाहिलंच नाही. चमचा तोंडापर्यंत जायच्या आतच तिचे डोळे भाऊजींच्या चेहऱ्यावर होते, कारण त्या खोलीत तेवढाच एक चेहरा हलत होता. प्रयोगशाळेत नवी शिकाऊ पोरं यायची. रंग बदलला की नाही हे त्यांना उमगायचं नाही आणि कबूल करायचीही लाज वाटायची, तेव्हा ती शेजारच्याच्या भांड्याकडे डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघून आकडा सांगायची. थेंबे अशांना लांबून ओळखायचा. त्यानं आईला ओळखलं.



भाऊजींची नजर कुठेतरी डावीकडे गेली होती. आईनं डाव्या वाटीवर बोट ठेवलं. ती चुकीची होती.

"बरोबर!" थेंबे म्हणाला. "अगदी बरोबर. झालं, संपलं," आणि वाट्या उचलायला हात पुढे केला.

पण त्याच्या आधी विहीणबाईंचा चमचा डाव्या वाटीत पोचला होता. कुतूहल, दुसरं काही नाही. "अहो, ही तर अळणी आहे," त्या म्हणाल्या. मग दुसरी चाखली. "मीठ ह्यात आहे. चांगलं आहे की." त्यांच्या आवाजात कुठे टोमणा नव्हता. उलट शेवटचे शब्द त्या अगदी हळू बोलल्या, कारण बोलता बोलता त्यांना समजलं होतं. ते हळू बोलणंच वाईट होतं.

भाऊजींचं हसू अर्ध्यावर थांबलं. आईनं चमचा वाटीशेजारी सरळ ठेवला. "वय झालं हो," ती म्हणाली. "जीभ बोथटली. थांबा, भात आणते."

भात टेबलावरच होता.

पाहुणे त्यानंतर फार वेळ थांबले नाहीत. निघताना विहीणबाईंनी आईचा हात हातात घेतला आणि आईनं तो चटकन सोडवून घेतला. जिना उतरताना ताई हलक्या आवाजात भावाला म्हणाली, "तुला ठाऊक होतं?" त्यानं नाही म्हणून मान हलवली. "मग एवढे दिवस मोजत काय होतास?" ती म्हणाली आणि उत्तराची वाट न बघता खाली गेली.

तो वर आला तेव्हा आई स्वयंपाकघरात स्टुलावर बसून कोरडी भांडी पुसत होती. बायको दाराशी उभी होती. त्याला बघून ती बाहेरच्या खोलीत निघून गेली.

"केव्हापासून?" त्यानं विचारलं.

"तापापासून. काही लागत नाही. मीठ नाही, साखर नाही. वासही नाही. तोंडात लाकूड घातल्यासारखं."

"सांगितलं का नाहीस?"

"काय सांगू?" आई भांड्याकडे बघत म्हणाली. "सूनबाईनं प्रेमानंच म्हटलं असतं, आई, तुम्ही आता बसा. आणि मग बसून काय करू मी? मला दुसरं येतं काय?"

त्यानं पुसलेलं एक भांडं उचलून फळीवर ठेवलं.

"चाललं होतं तसं माझं," आई म्हणाली. "पहिल्या घासाला तुझी भुवई चढली की कळायचं, जास्त झालं. ओठ दुमडलास की कमी. सूनबाईचं तर लगेच दिसतं. मग मी उठून नीट करायची. दुसऱ्या दिवशी त्या अंदाजानं घालायची. आठवड्यातनं चार दिवस तरी जमायचं." ती थांबली. "मग एक दिवस तुम्ही दोघं अशी बसायला लागलात. तोंडावरची माशी हलेना. मला वाटलं, रागावलात. माझं काहीतरी चुकलं असणार, पण कुणी बोलेना. मग घाबरून घाबरून घालायला लागले. एकदा घातलं की वाटायचं, घातलं का? जीभ सांगेना, तुम्हीही सांगेनात."

थेंबे ओट्याला टेकला. आकड्यांचा तो सगळा नाच त्याच्या डोळ्यांपुढून गेला. ते हेलकावे, त्या टाळ्या, जवळ येत चाललेला चंद्र. ते हेलकावे भीतीचे होते, आणि ती भीती त्यानंच पेरली होती. आंधळ्याची काठी काढून घ्यायची आणि मग तो कसा धडपडतो त्याची मापं घ्यायची, तसं झालं होतं.

"आई, मला माहीत नव्हतं गं."

"तिथं सगळे हसायचे?" आईनं विचारलं.

तो ओट्यावर सांडलेलं पाणी बोटानं पुसायला लागला.

"मिस्त्रीपण? त्याची बायको बाळंत झाली तेव्हा त्याला डबे मी दिले होते."

"आई—"

"तुझंही काय म्हणा. मीठ किती ते सांगायचं तुझं काम. पण एकदा विचारायचंस रे. एवढे थेंब टाकत बसलास, त्यापेक्षा एकदा विचारायचंस."

एवढंच. आवाज चढवून ती कधीच बोलली नव्हती, तेव्हाही नाही. चढवला असता तर बरं झालं असतं, असं त्याला पुढे किती तरी वेळा वाटलं.

सोमवारी त्यानं प्रयोगशाळेत जाऊन बाटल्या मोरीत ओतल्या. मिस्त्री आले आणि दारातूनच ओरडले, "काय थेंबे, काल काय म्हणाला चंद्र?" थेंबेनं पाठ न वळवता सांगितलं. सगळं सांगितलं, भाताचंसुद्धा. वळून पाहिलं तर मिस्त्री स्टुलावर बसले होते आणि टोपी काढून तिचा काठ चाचपत होते.

"चंद्राचं मीच काढलं होतं हो," ते म्हणाले.

"तुम्ही एकदाच म्हणालात. पुढचं माझं."

साहेबांना खात्याच्या संमेलनात थेंबेचं हेच चंद्राचं भाषण हवं होतं. थेंबेनं त्यांना निष्कर्ष चुकला एवढंच सांगितलं. "अहो, मग काय झालं? निष्कर्षाला कोण विचारतंय!" साहेब म्हणाले. तरी तो उभा राहिला नाही. दुसऱ्या कुणीतरी नकला केल्या. त्या वेळी तो मागच्या रांगेत बसला होता. लोक हसले की प्रत्येक वेळी त्याचे कान तापायचे.

आईला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, तापानं कधी कधी जिभेच्या आणि नाकाच्या नसा दुखावतात, पुन्हा सुधारतील किंवा नाही, घाई करून उपयोग नाही. आईनं फक्त एकच विचारलं, "तोवर स्वयंपाक करू ना?" डॉक्टरांना प्रश्नच कळला नाही. "करा की," म्हणाले.

थेंबेनं आपल्या परीनं भरपाई करायचा प्रयत्न केला. पाण्यातले क्षार दाखवणारं, पेनाएवढं एक यंत्र तो प्रयोगशाळेतून विचारून घरी घेऊन आला. रस्सा जरा गार करायचा, टोक बुडवायचं, आकडा बघायचा. आईनं ते हातात घेऊन उलटसुलट पाहिलं.

"हे तू कशात घालतोस?"

"पाण्यात."

"गटाराच्याही?"

"धुतलंय, आई. उकळून धुतलंय."

"असू दे," म्हणून तिनं ते फडक्यात गुंडाळून खणात ठेवलं. ते तिथंच राहिलं, आणि प्रयोगशाळेतून विचारणा झाली तेव्हा त्यानंच निमूटपणे काढून परत नेलं.

चव बघायची ती सूनबाईनं, असं आपोआप ठरून गेलं. ती सकाळी दुकानात जाण्याआधी आणि संध्याकाळी आल्या आल्या पदर खोचून ओट्याशी उभी राहायची. "आई, किंचित हवं," किंवा "बस, पुरे." दोघींचं हे छान जमलं. कधी कधी आतून हसण्याचा आवाज यायचा आणि थेंबे बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्राआड तो ऐकत बसायचा. जेवताना तो आता मुद्दाम तोंड हलवायचा. रस्सा चांगला झाला की डोळे मिटून मान डोलवायचा, इतकी की बायको टेबलाखालून त्याला पाय मारायची. आई बघायचीच नाही. पहिला घास झाला की ती सूनबाईकडे बघायची. रागानं नव्हे. त्याच्याशी बोलायची, हवं-नको विचारायची, त्याचे शर्ट उन्हात घालायची. फक्त त्याच्या तोंडावर तिचा भरवसा राहिला नव्हता, आणि हे तिलाही कदाचित ठाऊक नव्हतं.

डबे उघडले की मंडळी अजून त्याच्याकडे बघतात. कुणीतरी विचारतं, काय थेंबे, अमुक असं का होतं? तो घास गिळतो आणि म्हणतो, "माहीत नाही." सुरुवातीला लोकांना तो नवा विनोद वाटला.

वर्ष उलटून गेल्यावरची गोष्ट. सुटीचा दिवस होता, सकाळची वेळ. आई गॅलरीत घेवड्याच्या शेंगा सोलत बसली होती. अचानक तिचे हात थांबले. मान वर करून ती म्हणाली, "कुठं रंग लावतायत का रे?"

थेंबे बाहेर आला. त्यानं दोनदा खोल श्वास घेतला. त्याला काही आलं नाही.

"कसला रंग?"

"दारांना देतात तो. तेलाचा. तसा वास येतोय."

"बघून येतो," तो म्हणाला आणि चपला घालून निघाला. जिन्यानं वर गेला, गच्चीपर्यंत. मग खाली, प्रत्येक मजल्यावर, प्रत्येक दारासमोर थांबत. कुठेही रंग नव्हता. रस्त्यावर जाऊन समोरच्या इमारतीकडेही पाहून आला. तिथंही कुणी शिडी लावलेली नव्हती. परत वर येताना दुसऱ्या मजल्यावर तो थांबला, कारण आपण काय करतोय ते त्याच्या ध्यानात आलं. म्हातारीला वर्षानं कसलातरी वास आला होता, आणि तो खरा की खोटा हे ठरवायला तो धावला होता. तिच्यापाशी बसायचं सोडून. कठड्याला धरून तो तिथंच उभा राहिला. वरून कुणी येतंय असं वाटलं तसा उगाच चपलेचा पट्टा नीट करायला वाकला.

गॅलरीत आई पुन्हा शेंगा सोलत होती.

"खाली जाऊन आलास?"

"हो."

"समोरही बघितलंस?"

"हो."

"नाही ना कुठं?"

"नाही," तो म्हणाला.

"असू दे," आई म्हणाली. "मला आला."

त्याच्या ओठांवर प्रश्न आले होते. किती वेळ आला, उग्र होता की सौम्य, आत्ताही येतोय का. ते त्यानं गिळले. ओट्यावरून दुसरी परात आणली, तिच्या समोर जमिनीवर बसला आणि मूठभर शेंगा आपल्याकडे ओढल्या.

"अर्धवट सोलू नकोस," आई म्हणाली. "धागे राहतात."